पहाटेपर्यंतची बॅटरी

“इन्व्हर्टरला आत्ता काहीही जोडलेलं नाही ना?” मीटरताईने विचारलं.

“काही नाही. मशीनची पिन मी स्वतः काढली,” सर म्हणाले.

“दिवे?”

“बंद.”

“मग हे बघा.” बॅटरीच्या जाड तारेला तिने चिमट्यासारखा मीटर लावला होता. त्याचा पडदा तिने सरांकडे वळवला. “तीन अँपिअर. काही काम नसताना नुसतं जागं राहायचे तीन अँपिअर खातोय हा.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून आकडा पाहिला आणि चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “म्हणजे घरजावईच की.”

“त्याहून वाईट. घरजावई निदान झोपतो तरी.”

गाडीच्या आतून कोणीतरी खुदकन हसलं आणि हसता हसता खोकायला लागलं. सर लगबगीने दोन पायऱ्या चढून आत गेले.

गाडी म्हणजे कॅम्पर. मागे पलंग, मधे ओटा आणि दोन कपाटं, पुढे ड्रायव्हरची जागा. सरांनी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. नद्या, घाट, बंदरं सगळी फळ्यावर काढून झाली, पण स्वतः पाहिलेलं त्यातलं बोटावर मोजण्याइतकं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी जुनी घेतली, आणि पुढच्याच वर्षी बायकोच्या फुफ्फुसांचं दुखणं निघालं. रात्री झोपेत तिचा श्वास उथळ व्हायचा. नाकातोंडावर मास्क बांधून हवा आत ढकलणारं मशीन रात्रभर चालू ठेवावं लागे. “फिरा की खुशाल,” डॉक्टर म्हणाले होते, “फक्त मशीन रात्री बंद पडता कामा नये.”

आणि ते पडत होतं. आधी सकाळी सहाला पडायचं. मग एका दुकानदाराने सल्ला दिला की इन्व्हर्टर लहान आहे, पाचपट मोठा घ्या, चिंता मिटेल. सरांनी मोठा घेतला. तेव्हापासून मशीन चार वाजताच बंद पडायला लागलं.

“मला आता पावणेचारला आपोआप जाग येते,” बाहेर येऊन सर हळू आवाजात म्हणाले. “मग मी तिच्याकडे बघत बसतो. मशीनवरचा दिवा मिणमिणला की इंजिन चालू करायचं. शेजारच्या गाड्यांमधले लोक शिव्या घालतात. बरोबरच आहे त्यांचं. सगळे म्हणतात, आणखी दोन बॅटऱ्या टाका. पण टाकू कुठे? पलंगाखाली हिची औषधं आहेत, टाकी आहे. आणि गाडी आताच चढाला कण्हते.”

“बॅटरी नकोच आहे तुम्हाला,” मीटरताई म्हणाली. “आहे ती कुठे सांडतेय ते बघू.”

गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागून तिची पत्र्याची शेड होती. पुढे आवार, आवारात सहा गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि प्रत्येक जागेला विजेचा एक खांब. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाड्या इथे रात्रीपुरत्या थांबत. कोणाचा दिवा लागत नसे, कोणाचा फ्रिज गार होत नसे. तिच्याकडे येत, बरं वाटलं की निघून जात. मीटर लावल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नाही म्हणून कोणीतरी तिला मीटरताई म्हटलं आणि तेच चिकटलं.

त्याआधी सत्तावीस वर्षं ती एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. किती वीज आत गेली, किती बाहेर आली आणि मधली कुठे गेली, एवढंच काम. एकदा एका अख्ख्या लॉटमध्ये पाटीवर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त घट निघाली. साहेब म्हणाले, सही करून टाका, उन्नीस-बीस चालतं. ती म्हणाली, हे उन्नीस-बीस नाही, साहेब, हे पंधरा-वीस आहे. सही केली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिची बदली गोदामात झाली. चार वर्षं तिने खिळे आणि वॉशर मोजले. पुढे कारखानाच बंद पडला. लग्न करायचं राहून गेलं होतं. ठरवून नाही, आई अंथरुणाला होती आणि वर्षं निघून गेली. आता आईही नव्हती. शेडच्या मागे एक खोली होती. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, पण दुसरीवर तारांची भेंडोळी असत. रविवारी सकाळी भावाचा फोन येई. कशी आहेस, जेवतेस ना वेळेवर, काही लागलं तर सांग. ती काही सांगायच्या आत तो म्हणे, चल, ठेवतो.

तिने मशीन जोडलं आणि पुन्हा मोजलं. बॅटरीपाशी, इन्व्हर्टरच्या पुढे आणि मशीनच्या तोंडाशी, असं तीन ठिकाणी. आकडे पाठकोऱ्या कागदावर उतरवले आणि सरांना खुर्चीवर बसवून समजावलं.

“बॅटरी बारा व्होल्टची. इन्व्हर्टर त्याचे दोनशे तीस करतो. मशीनच्या वायरवर हा काळा डबा आहे ना, अडॅप्टर, तो त्या दोनशे तीसचे परत चोवीस करतो. मशीनला लागतात चोवीस. म्हणजे बाराचे चोवीस करायला तुम्ही दोनशे तीसला जाऊन येताय. प्रत्येक बदलात थोडी वीज तापून वाया जाते. हात लावा.”

सरांनी अडॅप्टरला हात लावला. मग इन्व्हर्टरला. “कोमट आहेत.”

“ती तुमची पहाट आहे,” ती म्हणाली. “बॅटरीतून शंभर निघाले तर मशीनपर्यंत पन्नास पोचतात. आणि मोठा इन्व्हर्टर घेतलात म्हणून आणखी वाईट झालं. अख्खं घर ओढायची ताकद आहे त्याच्यात आणि ओझं आहे उशीएवढं. ओझं कितीही कमी असलं तरी त्याचा स्वतःचा खुराक ठरलेला.”

सरांनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. “घाट चढून उतरतोय आपण,” ते म्हणाले. “बोगदा काढायला पाहिजे.”

“तेच करायचंय.”

तिने लगेच काही केलं नाही. आधी दवाखान्यात फोन लावला. यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला मशीनचा नंबर सांगितला आणि अडॅप्टरशिवाय, सरळ चोवीस व्होल्टवर ते चालवायला परवानगी आहे का, कोणती पिन, किती अँपिअर, हे खोदून खोदून विचारलं. तो माणूस वैतागून म्हणाला, “चालतं हो बाई, त्यासाठीच तर जागा ठेवलीय त्यात.” ती म्हणाली, “लेखी पाठवा.” त्याने पाठवलं. मग गावात जाऊन तिने बाराचे सरळ चोवीस करणारा कन्व्हर्टर आणला. हाताच्या पंजाएवढा. बॅटरीपासून स्वतंत्र तार ओढली, बॅटरीजवळ फ्यूज घातला, बॅटरी फार उतरली तर वाजेल अशी एक घंटी जोडली. संध्याकाळ झाली. मीटरवर आकडा आला चार पूर्णांक सहा. सकाळी तोच आकडा साडेआठ अँपिअर होता.

“झालं?” सरांनी विचारलं.

“कागदावर झालं. खरं अजून बघायचंय. आज रात्री गाडी माझ्या विजेवर लावा, मशीनही त्याच्यावरच चालेल, बॅटरी पूर्ण भरू दे. उद्या सकाळपासून खांबाची वायर काढायची आणि नुसत्या बॅटरीवर दिवसभर चालवायचं. पण मास्क लावून कोणीतरी झोपलेलं पाहिजे. हवेत नुसतं सोडलं तर आकडा खोटा येतो.”

सरांनी आत पाहिलं. बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती. बारीक चण, पांढरे केस मानेवर कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. “मी झोपते की,” ती म्हणाली. “दिवसा बंद पडलं तर निदान उजेड तरी असेल.”

“काकू, दहा-अकरा तास—”

“काकू कसली गं? तुझ्याएवढी धाकटी बहीण आहे मला. ताई म्हण.”

सकाळी सातला मीटरताई कॅम्परच्या टपावर चढली आणि तिथल्या सोलरच्या पत्र्यावर ताडपत्री टाकून तिने चारी कोपरे बांधले. “उन्हाने मधेच मदत केली तर परीक्षेत कॉपी झाली,” ती वरून सरांना म्हणाली. सरांना ते एकदम पटलं. खांबाची वायर काढली, मशीन चालू केलं, घड्याळात सात दहा झाले होते.

दर अर्ध्या तासाने आकडा घ्यायचा होता. पहिले दोन तास ती शेडमधून ये-जा करत राहिली. पाचव्यांदा आली तेव्हा ताईंनी पलंगाच्या कडेवर हात थोपटला. बस. मास्कमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी उशीखालून एक वही काढली, लिहिलं आणि पुढे केली: “मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तीस वर्षं बोलत होते. आज माझं तोंड बंद. तुमच्या सरांना लॉटरी लागली.”

सर पुढच्या सीटवर नकाशा उघडून बसले होते. “काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या कामाचं नाही,” मीटरताई म्हणाली, आणि स्वतःलाच हसू आलं. किती दिवसांनी आलं ते तिला आठवेना.

ताई लिहीत होत्या, ती बोलत होती. एक्स्चेंजमध्ये ताईंना माणसं चेहऱ्याने माहीत नसत, आवाजाने असत. कोण खोटं बोलतंय, कोण रडून फोन करतंय, कोणाला उगाच कोणाशी तरी बोलायचंय, सगळं कानाला कळायचं. “एक बाई रोज पाच वाजता फोन करून वेळ विचारायची,” त्यांनी लिहिलं. “तिच्या घरी घड्याळ होतं. मागे टोले ऐकू यायचे.”

मीटरताईने ते दोनदा वाचलं. वही परत देताना तिने विचारलं, “मग तुम्ही काय सांगायचात?”

“वेळ सांगायचे. आणि विचारायचे, आज काय केलंत.”

दुपारी ताई झोपल्या. मशीन हलक्या लयीत चालू होतं. मीटरताईने सरांबरोबर गाडीच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. तिने कारखान्याचं सांगितलं, सही न केल्याचं, गोदामातल्या वॉशरचं. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. सर म्हणाले, “मी असतो तर केली असती सही. मला भांडण जमत नाही.” ते इतकं सरळ म्हणाले की तिला ते आवडलं.

पाच वाजले, सहा वाजले. साडेसहाला अकरा तास वीस मिनिटं झाली होती, घंटी वाजली नव्हती. तिने मशीन बंद केलं. ताईंनी मास्क काढला. गालांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. “नापास की पास?”

“पास. पण रोज एवढी ताणू नका. रात्री दहाला लावलंत तर सकाळी सातला निर्धास्त उठाल.”

सर गाडीला एक फेरी मारून आले. मग टपावरची ताडपत्री सोडायला स्वतःच शिडीवर चढायला निघाले. तिला त्यांना दंडाला धरून खाली उतरवावं लागलं.

सकाळी निघताना ताई खिडकीशी बसल्या होत्या. “आम्ही समुद्राकडे चाललोय,” त्या म्हणाल्या. एका वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं. “पुढे एक सीट रिकामी आहे. चल दोन दिवस. येताना बसने ये. मशीनवर लक्षही राहील तुझं.”

“काम आहे हो, ताई. दोन गाड्या यायच्यात.”

“यायच्यात?”

“हो. आजच.”

ताईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. गाडी वळून रस्त्याला लागली. मीटरताई शेडमध्ये आली. एकही गाडी यायची नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिने हत्यारं पुसली, खोक्यातले फ्यूज आकारानुसार लावले, खुर्चीवरची भेंडोळी उचलून खुंटीला टांगली. संध्याकाळी उगाचच समुद्र इथून किती लांब असेल ते नकाशात बघितलं. एक दिवसाची वाट होती. बस रोज सकाळी आठला होती. ती गेली नाही. आपल्यासारख्या माणसाने बोलावणं खरं धरू नये, असं तिचं आपलं एक मत होतं. ते मात्र तिने कधी मोजून बघितलं नव्हतं.

पाच महिने गेले. एका दुपारी जेवण उरकून ती हात धूत होती तेव्हा कॅम्पर आवारात शिरली. तिने लांबूनच ओळखली. ओल्या हातानेच ती बाहेर आली. सर एकटे उतरले. दाढी वाढली होती. त्यांनी गाडीचं दार लावलं, मग पुन्हा उघडलं, मग तसंच ठेवलं.

ती गाडीपाशी येऊन उभी राहिली.

“दीड महिना झाला,” सर म्हणाले. “समुद्र पाहिला आम्ही. नंतर डोंगरात होतो वीस दिवस. मग थंडी वाढली म्हणून परत निघालो. तिथेच, वाटेत. सकाळी गेली. उजेड झाल्यावर. मी चहा टाकला होता. मशीन चालू होतं. एकदाही बंद पडलं नाही ते. तुम्हाला सांगायला हवं म्हणून आलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.”

मीटरताईने त्यांना खोलीत नेलं. सर दुसऱ्या खुर्चीवर बसले. तिने चहा केला, तो त्यांनी गार होऊ दिला.

“मी यायला हवं होतं तेव्हा,” ती म्हणाली. “मला काम नव्हतं.”

“तिला माहीत होतं.”

“म्हणजे?”

“गाडी वळल्यावर म्हणाली, हिला काही काम नाहीये. मी म्हटलं, कशावरून? म्हणाली, आवाजावरून. मग म्हणाली, येताना पुन्हा विचारू.”

मीटरताई उठली आणि कपबशा विसळायला लागली. दोनच होत्या, पण तिला बराच वेळ लागला. सर तिच्या पाठीकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत बसले.

“एक काम होतं,” ते म्हणाले. “जरा विचित्र आहे. हसू नका.”

“सांगा.”

“मशीन दवाखान्याला परत केलं. त्यांचंच होतं. आता मला झोप येत नाही. घरीही नाही, गाडीतही नाही. मुलगा म्हणतो गोळ्या घ्या. पण ते तसं नाही. चार वर्षं मी तो आवाज ऐकत झोपलो. आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. आता सगळं इतकं शांत असतं की मी दचकून उठतो. पावणेचारला. तसला आवाज करणारं काही... म्हणजे असतं का काही?”

मीटरताईने हात पुसले. “बघते,” ती म्हणाली.

शेडच्या कपाटात जुने पंखे होते. लहान, बारा व्होल्टचे, यंत्रं गार ठेवायला वापरतात तसले. तिने तीन काढले आणि कॅम्परमध्ये नेले. सरांना पलंगाच्या कडेला बसवलं आणि बॅटरीवर एकेक जोडला.

पहिला घरघरला. सरांनी डोळे मिटून ऐकलं. “नाही. हा भांडल्यासारखा वाटतो.”

दुसऱ्याला शिट्टी होती. सरांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्याच्या बेअरिंगमध्ये तिने तेलाचे दोन थेंब सोडले, मागे जाड कापडाची चौकट बसवली आणि वेग कमी-जास्त करायला एक बटण जोडलं. पंखा फिरायला लागला. ती बटण कणाकणाने मागे घेत गेली. तिला स्वतःलाही तो आवाज आठवत होता. त्या दुपारी याच गाडीच्या पायरीवर बसून तिने तो ऐकला होता.

“अजून थोडा खाली,” सर म्हणाले. “अजून. थांबा. तिथेच ठेवा.”

तिने बोट काढून घेतलं. मग सवयीने तिने तारेला मीटर लावला. जेमतेम पाव अँपिअर. “रात्रभर चालला तरी बॅटरीला कळणारही नाही,” ती म्हणाली.

बसल्या जागी सरांनी पाठीमागची उशी ओढली होती आणि डोकं टेकलं होतं. तोंड किंचित उघडं होतं. चष्मा अजून नाकावर होता. तिने तो हलकेच काढला, मिटला आणि ओट्यावर ठेवला. पाय खाली लोंबत होते, ते वर उचलून घ्यावेत का, याचा तिने थोडा विचार केला. मग उचलून ठेवले.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. ऊन आवारात पसरलं होतं. चारच्या सुमाराला एक गाडी आत आली. तरणाताठा माणूस उतरला आणि लांबूनच ओरडला, “ताई! टपावर सोलर बसवायचाय, चार भोकं पाडून देता का? दहा मिनिटांचं काम आहे.”

मीटरताईने ओठांवर बोट ठेवलं. तो जवळ आल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “आज ड्रिल चालणार नाही.”

“का? लाइट नाही का?”

“आहे,” ती म्हणाली. “उद्या या.”